जुन्या सार्वजनिक वाचनालयाने तंत्रज्ञानावरचा पहिला खर्च कशावर करावा?

कार्यवाह, परळ

नमस्कार. परळ-लालबाग परिसरातील एका शासनमान्य सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. पाळी सुटल्यावर वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या गिरणी कामगारांच्या वर्गणीवर ही संस्था उभी राहिली. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, चाळींचा पुनर्विकास झाला, जुने सभासद विरार, बदलापूर, पनवेलकडे राहायला गेले आणि देवघेव विभागातली वर्दळ ओसरली. तरीही संग्रहात आज सुमारे 35 हजार पुस्तके आहेत. त्यांतली काही हजार स्वातंत्र्यपूर्व काळातली आहेत, शिवाय दिवाळी अंकांचे बांधीव खंड आहेत.

आमच्या एका दिवंगत वाचकाच्या कुटुंबीयांनी त्यांच्या स्मरणार्थ देणगी दिली असून ती केवळ आधुनिकीकरणासाठी वापरावी, अशी त्यांची अट आहे. रक्कम आमच्या दृष्टीने मोठी आहे, पण ती एकदाच मिळणार आहे. शासनाच्या परिरक्षण अनुदानातून पगार आणि नवी खरेदी कशीबशी भागते, त्यामुळे दरवर्षी वाढत जाणारा कोणताही खर्च आम्हांला पेलणार नाही.

मंडळात मतभेद आहेत. काहींच्या मते सगळा संग्रह स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवला पाहिजे, म्हणजे दूर गेलेले सभासदही वाचू शकतील. काहींना महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असते तशी आरएफआयडी यंत्रणा (पुस्तकात लावलेली पट्टी रेडिओलहरींनी ओळखणारी) आणि दाराशी फाटक हवे आहे. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की तरुण मुले केवळ अभ्यासिकेसाठी येतात, तेव्हा कपाटे हलवून अभ्यासिकाच मोठी करावी. सध्याची स्थिती अशी आहे : दाखल नोंदवह्या (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवण्याच्या वह्या) हस्तलिखित आहेत, तालिकापत्रे म्हणजे ग्रंथसूचीची कार्डे लाकडी कप्प्यांत आहेत, आणि वीसेक वर्षांपूर्वी घेतलेल्या एका संगणक प्रणालीत निम्म्या संग्रहाच्या नोंदी आहेत, ती प्रणाली आता एकाच जुन्या संगणकावर चालते आणि ती पुरवणारा व्यवसाय केव्हाच बंद झाला आहे. आमच्याकडे एक ग्रंथपाल, एक सहायक आणि एक शिपाई एवढाच सेवकवर्ग आहे.

ज्यांनी अशा कामाचा प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे त्यांनी सुरुवात कोठून करावी हे सांगितले, तर मंडळापुढे नीट प्रस्ताव मांडता येईल.

ग्रंथपाल, मुलुंड

आपण सर्वांत शेवटी लिहिलेली गोष्ट माझ्या मते सर्वांत आधी हाती घ्यावी, ती म्हणजे त्या जुन्या संगणकातल्या नोंदी. जोवर संपूर्ण संग्रहाची एकच, विश्वासार्ह आणि शोधता येण्याजोगी तालिका तयार होत नाही, तोवर स्कॅनिंग असो, आरएफआयडी असो किंवा घरबसल्या पुस्तक राखून ठेवण्याची सोय असो, यांतले काहीच धडपणे उभे राहणार नाही. आपल्याकडे काय आहे हेच सांगता येत नसेल, तर काय स्कॅन करायचे आणि कशावर चिकटपट्टी लावायची, हे ठरवणार तरी कसे?

वीस वर्षांपूर्वीच्या प्रणालींमधल्या मराठी नोंदी बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्व संगणकांना समजणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतांत, नसतात. त्या काळी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा होता आणि रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे बसवून काम चाले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर हीच नोंद उघडली की पुस्तकाच्या नावाऐवजी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची रांग दिसते. अशा नोंदी युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ‘विद्यार्थी’ या शब्दातली पहिली वेलांटी ‘व’च्या आधी आणि रफार ‘थ’च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये मात्र वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफार व्यंजनाच्या आधी. परिवर्तक येथेच चुकतात. आमच्याकडे ‘ऱ्हास’, ‘दऱ्या’ असे शब्द असलेल्या नोंदी आम्हांला एकेक करून तपासाव्या लागल्या.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते : ‘अ’ टंकून त्यावर अर्धचंद्र देता येतो, किंवा ज्या अक्षराला युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्र स्थान मिळाले ते थेट वापरता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधयंत्रणेच्या लेखी ती वेगळी आहेत. ‘ॲलोपॅथी’ शोधणाऱ्या वाचकाला संगणक ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असे सांगतो आणि पुस्तक त्याच्या पाठीमागच्या कपाटात असते. हे मी आमच्याच देवघेव खिडकीवर पाहिले आहे. म्हणून नोंदी करणाऱ्या सर्वांनी एकच कळफलक आणि एकच पद्धत वापरावी, असा नियम पहिल्या दिवशीच लेखी स्वरूपात ठरवून घ्यावा.

आपल्या संग्रहात स्वातंत्र्यपूर्व पुस्तके आहेत, म्हणून लेखनपद्धतीचाही विचार करावा लागेल. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये लागू होण्यापूर्वीच्या ग्रंथांवर ‘साधनें’, ‘चरित्रें’ असे अनुस्वार सर्रास आढळतात. आजचा वाचक ‘साधने’ असे टंकतो. मुखपृष्ठामागच्या नामपृष्ठावर छापलेले नाव जसेच्या तसे मुख्य शीर्षकाच्या रकान्यात द्यावे आणि आजच्या लेखनाप्रमाणे असलेले रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात द्यावे. मार्क 21 या ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदपद्धतीत त्यांच्यासाठी अनुक्रमे 245 आणि 246 असे रकाने आहेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण जुन्या पुस्तकांचा खरा उपयोग यानेच वाढतो.

प्रणाली कोणती घ्यावी, याबाबत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आणि मुक्त स्रोत असलेली ‘कोहा’ हे दोन पर्याय पाहावेत. कोहाची जन्मकथा आपल्या परिस्थितीशी जुळणारी आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली 2000 सालाच्या पुढे चालणार नव्हती आणि नवी विकत घेणे परवडणारे नव्हते, म्हणून 1999 मध्ये त्यांनी ती लिहवून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. कोहा घेतलीत, तर शोधनिर्देशांकाची मांडणी करताना देवनागरीसाठी आयसीयू हा (इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतले शब्द नीट हाताळणारा) पर्याय निवडला आहे ना, हे तंत्रज्ञाला आवर्जून विचारा. कोणतीही प्रणाली घ्या, पण सगळ्या नोंदी आपल्याला हव्या तेव्हा, कोणाच्याही परवानगीशिवाय, मार्क किंवा साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येतील, ही अट करारात असलीच पाहिजे. पुरवठादार बंद पडला तरी तालिका आपली राहिली पाहिजे.

आणखी एक. नोंदी दाखल नोंदवहीवरून उतरवू नका. पुस्तक हातात घेऊनच करा. त्यातून संग्रहाची पडताळणी आपोआप होते, गहाळ पुस्तके कळतात, कसर लागलेली वेगळी काढता येतात. ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गातील विद्यार्थी मानधनावर हे काम उत्तम करतात, मात्र देखरेख आपल्या ग्रंथपालांचीच हवी. मंडळात तीन मते आहेत असे आपण लिहिलेत. ग्रंथपालांचे मत त्यांत दिसले नाही, ते जरूर विचारावे.

संगणक अभियंता, ठाणे

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे, म्हणून फक्त यंत्रसामग्रीबद्दल लिहितो.

आरएफआयडीचा लाभ जेथे दिवसाकाठी शेकडो पुस्तकांची देवघेव होते आणि सभासद स्वतःच यंत्रावर नोंद करतात तेथे मिळतो. त्यासाठी प्रत्येक पुस्तकात एक पट्टी, खिडकीवर वाचकयंत्र आणि दाराशी फाटक असा खर्च येतो, आणि फाटकाची देखभाल दरवर्षी करावी लागते. आपल्याकडे पुस्तक देताना ग्रंथपाल आणि वाचक समोरासमोर उभे असतात. तेथे बारकोड पुरेसा आहे. कागदी लेबल, साधा स्कॅनर आणि लेबल छापणारा प्रिंटर एवढ्यात काम भागते, आणि पुढे कधी आरएफआयडी घ्यावीशी वाटलीच, तर हेच क्रमांक पट्टीत भरता येतात.

त्यापेक्षा जास्त काळजी मला आपल्या जागेची वाटते. परळचा सखल भाग दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती कचेऱ्यांचे संगणक निकामी झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. संगणक आणि विजेची जोडणी जमिनीपासून उंचावर असावी. नोंदींची एक प्रत रोज इमारतीबाहेर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, आपोआप जावी आणि दुसरी प्रत बाह्य डिस्कवर घेऊन एखाद्या पदाधिकाऱ्याकडे ठेवावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून नोंदी परत उघडून पाहाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर विसंबता येत नाही. त्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत मात्र वाट न पाहता याच आठवड्यात काढून घ्या, बाकीचे निर्णय नंतर होऊ द्या.

प्रकाशन व्यवसायातील एक, दादर

‘सगळा संग्रह संकेतस्थळावर’ या कल्पनेमागची तळमळ मला समजते, पण मंडळाने तिची कायदेशीर बाजू आधी समजून घ्यावी. प्रताधिकार अधिनियम, 1957 नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे 60 वर्षे प्रताधिकार राहतो. लेखक 1960 मध्ये निधन पावला असेल, तर त्याचे साहित्य 1 जानेवारी 2021 पासून मुक्त झाले. अनुवादित पुस्तकात अनुवादकाचा अधिकार वेगळा मोजावा लागतो, आणि सचित्र पुस्तकात चित्रकाराचाही. म्हणजे पुस्तक जुने आहे एवढ्यावरून ते मुक्त ठरत नाही. लेखकाचे मृत्युवर्ष शोधावे लागते. तालिकेत लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे नोंदवण्याची पद्धत आहे, ती पाळली तर हे काम बरेच हलके होईल.

मात्र 2012 च्या दुरुस्तीने वाचनालयांना एक महत्त्वाची मुभा दिली आहे. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या ग्रंथाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी त्या ग्रंथाची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते. जतन करणे आणि जगाला वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मंडळातल्या सर्वांना स्पष्ट सांगावे. दिवाळी अंकांना हे विशेष लागू पडते. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेतले जुने अंक हलक्या कागदावर छापलेले असल्याने आज हात लावताच कडेने तुटतात. त्यांची जतनप्रत आताच व्हायला हवी, पण त्यांतल्या शेकडो लेखकांचे अधिकार शाबूत असल्याने ती संकेतस्थळावर टाकता येणार नाही.

मग स्कॅन काय करावे? जे इतरांनी केले आहे ते पुन्हा करू नये. एशियाटिक सोसायटीचे ‘ग्रंथ संजीवनी’ हे दालन, राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेले दुर्मीळ ग्रंथ आणि इंटरनेट अर्काइव्ह यांत आधी शोध घ्यावा. 1954 च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार प्रकाशित पुस्तकाची एक प्रत मुंबईतल्या एका नेमून दिलेल्या ग्रंथालयाकडे पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे, त्यामुळे नंतरच्या काळातल्या पुस्तकांना निदान एक ठिकाणा आहे. परंतु कामगार संघटनांची पत्रके, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, चाळीतल्या मुलांनी काढलेली हस्तलिखिते, नाट्यस्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिका यांना कोणाचाच आधार नाही. गिरणगावातल्या वाचनालयाच्या माळ्यावर असे गठ्ठे हमखास असतात. एक माणूस नेमा आणि ते खाली उतरवून पाहा. माझ्या मते आपल्या देणगीतला स्कॅनिंगचा सगळा वाटा यावर खर्च व्हावा. बांधणी न उसवता वरून छायाचित्र घेणारे यंत्र वापरावे, किमान 300 डीपीआयची (एका इंचात 300 ठिपके) मूळ प्रत टिफ या चित्र-फाइलच्या स्वरूपात राखावी, वाचनासाठी हलकी पीडीएफ करावी आणि प्रत्येक फाइलला दाखल क्रमांकाचेच नाव द्यावे. देवनागरी अक्षरओळख, म्हणजे स्कॅनमधला मजकूर संगणकाने वाचणे, आता बऱ्यापैकी चालते, पण जुन्या शिळाछापावर (दगडावरून केलेल्या छपाईवर) ती चालत नाही, हे ध्यानात घेऊनच अपेक्षा ठेवाव्यात.

ई-पुस्तकांच्या वर्गणीत ही देणगी घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. परदेशांत ग्रंथालयांना ई-पुस्तके मुदतबंद परवान्यावर मिळतात. 2011 मध्ये हार्परकॉलिन्सने एक ई-प्रत 26 वेळा दिली की परवाना संपेल असा नियम केला, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी मोठा विरोध केला होता. मराठीत तर ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके मुख्यतः व्यक्तिगत ग्राहकालाच विकली जातात. वर्गणी थांबली की हातात काहीच उरत नाही, आणि आपली देणगी एकदाचीच आहे.

अभ्यासिकेची सभासद, काळाचौकी

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि अशाच एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत रोज बसते, म्हणून विश्वस्तांच्या म्हणण्याबद्दल लिहावेसे वाटले. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील, तर अभ्यासिकेतली खुर्ची ही किती मोलाची गोष्ट असते, ते मी जाणते. परंतु तिच्यासाठी कपाटे हलवू नयेत. आमच्यातले बहुतेक जण मोबाइलवर व्याख्याने ऐकतात, तरी संदर्भासाठी विश्वकोशाचे खंड, जुन्या मासिकांचे अंक आणि शासनाची प्रकाशने आम्हांला लागतात; फक्त ती वाचनालयात आहेत हे कोणाला ठाऊक नसते. तालिका मोबाइलवर दिसू लागली, तर आम्ही त्या कपाटांपर्यंत नक्की जाऊ.

तंत्रज्ञानाची खरी निकड मला दुसरीकडे दिसते. अकरावीचे प्रवेश, लोकसेवा आयोगाचे अर्ज, म्हाडाच्या सोडतीचे अर्ज, शिष्यवृत्त्या हे सर्व आता ऑनलाइन झाले आहे. आमच्या वाचनालयात दोन संगणक आणि एक प्रिंटर ठेवल्यापासून आजूबाजूच्या इमारतींतली ज्येष्ठ मंडळी कागदपत्रांची पिशवी घेऊन येतात आणि सहायक ताई त्यांना अर्ज भरायला मदत करतात. यात एक धोका आहे. मी एकदा त्या संगणकावर बसले, तेव्हा पडद्यावर अनोळखी माणसांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि बँक पासबुकाची पहिली पाने तशीच पडलेली होती. प्रत्येक वापरानंतर सर्व काही आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था करता येते आणि ती करून घ्यावी. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. सभासदांचे दूरध्वनी क्रमांक आणि कोणी कोणते पुस्तक नेले याची नोंदही त्याच काळजीने सांभाळायला हवी.

एका संगणकावर एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) बसवावा, ही विनंती. माझी दृष्टिबाधित मैत्रीण 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या दृष्टिबाधितांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातून पुस्तके घेते. तिला घराजवळ असा एक संगणक आणि शांत कोपरा मिळाला, तर ती वाचनालयाची सभासद होईल, असे तिने मला सांगितले आहे.

कार्यवाह, परळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्रंथपालांशी कालच बोललो. पहिला हप्ता तालिकेसाठी, असा प्रस्ताव आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत आणि हार्ड डिस्कची प्रत काढण्याचे काम सोपवले आहे. एक शंका उरते. 35 हजार पुस्तकांच्या नोंदी होईपर्यंत देवघेव बंद ठेवावी, असे मंडळातील काहींचे मत आहे. तसे करणे आवश्यक आहे का?

ग्रंथपाल, मुलुंड

मुळीच नाही. वाचनालय दोन-तीन महिने बंद राहिले की सभासदांची सवय मोडते आणि ते परत येतीलच असे नाही. जे पुस्तक परत येईल त्याची नोंद तिथल्या तिथे करून, बारकोड लावून मगच ते पुढच्या वाचकाला द्यावे. फिरतीवर असलेली पुस्तके या रीतीने आधी उरकतात, आणि वाचकांना हवी असतात तीही हीच. सकाळच्या कमी गर्दीच्या वेळी एकेक कपाट घेऊन उरलेली करावीत, झालेल्या कपाटावर रंगीत ठिपका लावावा. जुन्या वह्यांतली दाखल क्रमांकांची मालिका कोठे तुटली आहे किंवा एकच क्रमांक दोन पुस्तकांना दिला गेला आहे का, हे मात्र पहिले लेबल छापण्यापूर्वी पाहून घ्या. तसे आढळले, तर बारकोडसाठी स्वतंत्र क्रमांक द्या आणि जुना दाखल क्रमांक नोंदीत वेगळ्या रकान्यात ठेवा.